डॉ. इरावतीबाई कर्वे आणि बुद्धीचे माप

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या आवारात जे दृश्य दिसते, ते आमच्या वाचकांस नवीन नाही. कोणाच्या मुखावर हर्ष, तर कोणाच्या डोळ्यांत पाणी. आणि दोहोंचे कारण एकच, कागदावरील एक आकडा. हा आकडा उपयोगाचा आहे ह्यात संशय नाही. विद्यार्थ्याचे गणितात कोठे अडते हे शिक्षकास त्यावरून कळते, व पालकांसही वेळीच सावध होता येते. परंतु पुष्कळदा आपण तेथेच थांबत नाही. त्या आकड्याने मुलाची सारी बुद्धी मोजली गेली असे आपण मानतो. मुलावरून त्याच्या घराण्याविषयी बोलतो, आणि घराण्यावरून जातीविषयी व देशाविषयीही मत ठोकून देतो. एका मुलाच्या एका दिवसाच्या मापापासून अखिल लोकसमूहाच्या बुद्धीपर्यंतची ही उडी कितपत न्याय्य आहे? ह्या प्रश्नाशी ज्यांचा ऐन तारुण्यात सामना झाला, आणि ज्यांनी त्याचे उत्तर परदेशात, हाती मापाचे साधन घेऊन, खुद्द आपल्या गुरूंच्या मताविरुद्ध दिले, त्या डॉ. इरावतीबाई कर्वे ह्यांचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. महाराष्ट्र त्यांस युगान्त ह्या ग्रंथाच्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्यातील बर्लिनचे प्रकरण मात्र तितकेसे परिचित नाही.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील गणेश हरि करमरकर हे तेथील एका कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. ब्रह्मदेशाची जीवनदायिनी जी इरावती नदी, तिचेच नाव त्यांनी आपल्या कन्येस ठेविले. मुलीस उत्तम शिक्षण मिळावे ह्या हेतूने त्यांनी तिला वयाच्या सातव्या वर्षीच पुण्यास, हुजूरपागेच्या शाळेत पाठविले. आईबापांपासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या ह्या बालिकेस लवकरच एक दुसरे घर लाभले. फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल रँग्लर परांजपे ह्यांची कन्या शकुंतला हिच्याशी तिची मैत्री जडली, आणि परांजपे कुटुंबाने तिला आपल्या मुलीप्रमाणेच वागविले. त्या घरात पुस्तके होती, वादविवाद होता, आणि कोणतेही मत पुराव्यावाचून स्वीकारावयाचे नाही अशी करडी बुद्धिनिष्ठा होती. ह्या संस्काराचा उपयोग पुढे कोठे व्हावयाचा होता, ह्याची कल्पना तेव्हा कोणासच नव्हती.

१९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या बी. ए. झाल्या. नंतर दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रसिद्ध आचार्य डॉ. गो. स. घुर्ये ह्यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला, आणि १९२८ साली एम. ए. ची पदवी संपादन केली. महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचे चिरंजीव दिनकर धोंडो कर्वे ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव हे फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असत, व त्यांनी स्वतः जर्मनीत राहून डॉक्टरेट मिळविली होती. आपल्या पत्नीनेही त्या देशी जाऊन उच्च विद्या संपादावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचिले, त्या महर्षींस मात्र सुनेचा हा परदेशगमनाचा बेत पसंत नव्हता. मोठ्या माणसांच्या मनातही जुने आणि नवे कसे शेजारी शेजारी नांदते, त्याचे हे एक उदाहरण होय. अखेर डॉ. जीवराज मेहता ह्यांनी दिलेल्या कर्जाच्या आधाराने इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

त्या बर्लिनमध्ये काय घडले हे समजण्यासाठी त्या काळच्या शास्त्रीय जगाकडे थोडे वळून पाहणे अवश्य आहे. योगायोग असा की, इरावतीबाईंचा जन्म ज्या १९०५ साली झाला, त्याच साली पॅरिस येथे आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी सिमों ह्यांनी बुद्धिमापनाची पहिली व्यवहारोपयोगी श्रेणी प्रसिद्ध केली. बिने ह्यांचा हेतू अत्यंत साधा व दयेचा होता. शाळेत जी मुले मागे पडतात, त्यांच्यापैकी कोणास विशेष शिक्षणाची गरज आहे, हे शिक्षकाच्या लहरीवर न सोडता काही ठराविक प्रश्नांच्या साह्याने ओळखावे, एवढाच तो होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व कधीही न बदलणारी वस्तू आहे, हे मत त्यांस मान्य नव्हते. परंतु १९११ साली ते निवर्तले, आणि त्यांचे साधन इतरांच्या हाती गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने आपल्या सुमारे १७ लक्ष रंगरूटांची बुद्धी अशा कसोट्यांनी मोजली. ज्यांस इंग्रजी वाचता येत नसे, त्यांजपुढे चित्रे ठेवीत व चित्रात काय उणे आहे ते विचारीत. त्यात टेनिसचे एक मैदान होते, त्यास जाळे नव्हते. एक फोनोग्राफ होता, त्यास कर्णा नव्हता. ज्याने जन्मात टेनिस पाहिला नाही, त्याने जाळ्याची उणीव कशी ओळखावी? परंतु गुण मात्र कापले जात, आणि त्यांची बेरीज करून अमुक देशाचे लोक बुद्धीने हलके असे निष्कर्ष काढले जात. ब्रिगम नावाच्या पंडिताने १९२३ साली अशा निष्कर्षांचे एक पुस्तकच लिहिले; त्याच्या पुढल्याच वर्षी दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांस अटकाव करणारा कायदा अमेरिकेत झाला. १९३० साली ब्रिगम ह्यांनी आपले निष्कर्ष निराधार होते असे स्वतःच प्रामाणिकपणे कबूल केले. परंतु कायदा तसाच राहिला.

जर्मनीतील विद्वानांचा कल प्रश्नांपेक्षा हाडांकडे अधिक होता. बर्लिनच्या डालेम ह्या भागात १९२७ साली मानववंशशास्त्र, आनुवंशिकता व सुप्रजनन ह्यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्था उघडण्यात आली होती, व तिचे संचालक प्रोफेसर ऑयगेन फिशर हे होते. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत संमिश्र वंशाच्या लोकांची पाहणी करून त्यांनी मोठी कीर्ती मिळविली होती. त्यांचा एक सिद्धान्त असा होता की, गोऱ्या युरोपीय मनुष्याच्या कवटीची उजवी व डावी बाजू सारखी नसते. पुढील भागात मेंदूचा उजवा भाग अधिक वाढलेला असतो, आणि त्यामुळेच त्याच्या ठिकाणी तर्कशक्ती व विवेक इतर वंशांपेक्षा अधिक असतो. हे सिद्ध करण्यास मापे पाहिजे होती, आणि ती घेण्याचे काम हिंदुस्थानातून आलेल्या ह्या तरुण विद्यार्थिनीकडे आले.

इरावतीबाईंची त्या वेळची स्थिती आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. देश परका, भाषा परकी, खर्चास पैसा कर्जाऊ. वय जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचे. ज्या गुरूच्या हाती पदवी द्यावयाची की नाही हे ठरविणे, त्याचेच मत तपासावयाचे. आणि त्या मताप्रमाणे स्वतः ही विद्यार्थिनी, तिचा पति, तिची मातृभूमी, सारी काही बुद्धीने दुय्यम ठरावयाची. अशा स्थितीत दोन मोह संभवतात. एक, गुरूस जे पाहिजे ते कसेतरी सिद्ध करून द्यावे आणि पदवी घेऊन घरी परतावे. दुसरा, स्वाभिमानाने संतप्त होऊन मापे न घेताच सिद्धान्त खोटा म्हणावा. इरावतीबाई दोहोंस वश झाल्या नाहीत. त्यांनी मापे घेतली.

एकंदर १४९ कवट्या त्यांनी तपासल्या. काही युरोपीयांच्या होत्या, काही युरोपाबाहेरील लोकांच्या होत्या. प्रत्येक कवटी एकाच रीतीने धरावयाची, ठराविक बिंदूंमधील अंतर उजवीकडे घ्यावयाचे, तेच डावीकडे घ्यावयाचे, आणि दोहोंतील फरक टिपून ठेवावयाचा. सिद्धान्त खरा असेल, तर एका वंशाच्या कवट्यांत हा फरक ठळक दिसावा व इतरांत दिसू नये. प्रत्यक्षात तसे काहीच आढळले नाही. मनुष्याची कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते हे खरे. परंतु ही असमानता सर्वत्र आढळते, आणि तिचा वंशाशी काहीही संबंध नाही, असे मापांनी दाखविले. इरावतीबाईंनी आपल्या प्रबंधात तसेच लिहिले.

ह्या उत्तराचे महत्त्व नीट ध्यानी घ्यावयास पाहिजे. मुळात कवटीच्या आकारावरून तर्कशक्ती ओळखता येते, ही कल्पनाच कोणी सिद्ध केलेली नव्हती. तो जिना दोन पायऱ्यांचा होता: वंशापासून हाडापर्यंत एक, आणि हाडापासून बुद्धीपर्यंत दुसरी. इरावतीबाईंनी पहिलीच पायरी तपासली व ती पोकळ असल्याचे दाखविले. मग दुसरीवर चढण्याचा प्रश्नच उरला नाही. बक्षीस म्हणून त्यांस काय मिळाले? प्रोफेसर फिशर ह्यांनी प्रबंध नाकारिला नाही, परंतु त्यास उत्तीर्ण होण्यापुरते सर्वांत कमी गुण दिले. १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या स्वदेशी परतल्या. निकालाच्या दिवशी कष्टी होणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या गुणांनी इरावतीबाईंची योग्यता मोजली गेली नाही. मोजली गेली असेल, तर ती गुण देणाऱ्याच्या मनाची उंची होय.

ह्यानंतर तीनच वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. १९३३ साली प्रोफेसर फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी जुलै महिन्यात असा कायदा झाला की, ज्यांचे दोष आनुवंशिक मानले जातील, त्यांस सक्तीने निर्बीज करावे. त्या दोषांत जन्मजात मंदबुद्धी हा एक प्रमुख होता, आणि ती ओळखण्यासाठी साधे हिशेब व शालेय माहितीचे प्रश्न असलेला एक तक्ता वापरीत. ज्यांस शाळाच पुरती लाभली नाही, अशी गरिबांची मुले त्यात सापडली. १९४५ पर्यंत सुमारे ४ लक्ष मनुष्यांवर हा अत्याचार झाला. पुढे आउश्वित्झच्या छळछावणीतून मानवी अवयव ह्याच डालेमच्या संस्थेत तपासणीसाठी पाठविण्यात आले. बिने ह्यांनी दुबळ्या मुलास हात देण्यासाठी जी कल्पना काढिली, तीच कल्पना अशा प्रकारे दुबळ्यास नाहीसे करण्याचे हत्यार झाली. ज्या वास्तूत हे घडले, त्याच वास्तूत काही वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीने मापे घेऊन इशारा लिहून ठेविला होता, हे स्मरून मन विषण्ण होते.

स्वदेशी आल्यावर इरावतीबाई १९३१ पासून १९३६ पर्यंत मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. परंतु कचेरीच्या कामात त्यांचे मन रमले नाही. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांस अध्यापनाचे काम मिळाले, आणि तेथेच त्यांचे पुढील आयुष्य गेले. मापाची साधने घेऊन त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. उंची, डोके, नाक ह्यांची सहस्रावधी मापे त्यांनी गोळा केली, आणि संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर ह्यांच्या सहकार्याने त्यांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. ह्या मापांवरून कोणती जात श्रेष्ठ व कोणती कनिष्ठ, हे त्यांस ठरवावयाचे नव्हते; जातिजातींचा परस्परसंबंध काय, हा त्यांचा प्रश्न होता. ब्राह्मण म्हणविणाऱ्या निरनिराळ्या पोटजाती, किंवा कुंभाराचा एकच धंदा करणारे निरनिराळे समूह, हे एकाच मूळ वृक्षाच्या फांद्या असतीलच असे नाही, असे त्यांनी प्रतिपादिले.

चरित्रलेखकाने केवळ स्तुतिपाठक होऊ नये, म्हणून येथे एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. गुरूचा निष्कर्ष इरावतीबाईंनी सोडिला, परंतु गुरूची साधने त्यांनी आयुष्यभर वापरली, आणि शरीराच्या मापांवरून लोकांचे गट पाडण्याची ती दृष्टीही त्यांजकडून पुरती सुटली नाही, असे पुढील अभ्यासकांचे म्हणणे आहे. नंतरच्या संशोधनाने ह्या दृष्टीचा पायाच बदलला. १९७२ साली लेवॉन्टिन ह्या शास्त्रज्ञाने हिशेब करून दाखविले की, मनुष्यमात्रात जी आनुवंशिक विविधता आहे, तिच्यातील सुमारे ८५ टक्के एकाच समूहातील माणसामाणसांत असते. समूहासमूहांत उरते ते थोडके. थोर व्यक्तीही आपल्या काळाच्या मर्यादेत वावरते. तिने एक पायरी चढून दाखविली, हेच पुष्कळ.

मग बुद्धिमापन सर्वस्वी त्याज्य मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९४० साली डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी बिने ह्यांची श्रेणी मराठी व कानडी मुलांसाठी तयार करून प्रसिद्ध केली. परक्या देशातील प्रश्न जसेच्या तसे येथे चालत नाहीत, ते येथील मुलांच्या अनुभवाशी जुळवून घ्यावे लागतात, हेच त्या श्रमाचे सार होय. समूहाच्या मापाचाही एक सदुपयोग आहे. ज्या भागात अन्नपाण्यात आयोडीन कमी, तेथील मुलांचे गुण सरासरीने खाली राहतात, असे आढळून आले आहे. त्यावर उपाय आयोडीनयुक्त मिठाचा, आणि तो स्वस्त आहे. रंगातील व पेट्रोलातील शिसे मुलांच्या बुद्धीस अपाय करते, हेही अशाच मापांनी उघड झाले. तसेच फ्लिन ह्या अभ्यासकाने १९८४ साली असे दाखविले की, अमेरिकेत ह्या कसोट्यांतील गुण दर दहा वर्षांस सुमारे तीन अंकांनी वाढत गेले. पुढे अन्य अनेक देशांतही तशीच वाढ दिसून आली. इतक्या थोड्या अवधीत कोणा राष्ट्राचे रक्त बदलत नाही. बदलतात ती अन्न, शाळा आणि राहणी. तेव्हा माप कमी आले, तर त्याचा अर्थ येथे काही उणे आहे, ते शोधा, असा घ्यावयाचा. हे लोक उणे आहेत, असा नव्हे. मापाची उपयुक्तता व मर्यादा ह्या दोन वाक्यांतील भेदात साठविलेली आहे.

इरावतीबाईंस ही मर्यादा अनुभवानेच कळली असावी. कारण मापे घेऊन त्या थांबल्या नाहीत. त्या खेड्यांत राहिल्या, बायकांच्या ओव्या ऐकल्या, कोयनेच्या धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी केली, पंढरीच्या वारीत पायी चालल्या. एकाच दिंडीत एकच अभंग गाणारी माणसे जेवावयास मात्र जातीप्रमाणे निरनिराळी बसतात हे पाहून त्यांस दुःख झाले, आणि मराठा बायकांच्या पंगतीत बसून त्या जेवल्या. जे कॅलिपर सांगू शकत नाही, ते त्या पंगतीत कळते. आमच्या नागपुरासही ही रीत अपरिचित नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांनी गोंड लोकांविषयी जाणून घेण्यासाठी त्यांची भाषा शिकून घेतली, आणि परधानाच्या मुखातून लिंगोचे गीत टिपून ठेविले. त्यांचे कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाले. ज्यास एवढे दीर्घ काव्य मुखोद्गत आहे, त्या परधानास जाळे नसलेल्या टेनिसच्या मैदानाचे चित्र दाखविले असते, तर त्याचे गुण किती भरले असते? आणि त्या गीतावर परीक्षा घेतली असती, तर आपले किती भरले असते? हे प्रश्न वाचकांनी आपल्याच मनास विचारावे.

१९६७ साली त्यांचे युगान्त प्रसिद्ध झाले, व पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. महाभारतातील थोर पात्रांसही त्यांनी त्याच निर्भय दृष्टीने पाहिले: आदर मनात ठेवून, परंतु डोळे मिटून न घेता. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, मोजण्यास भिऊ नका. परंतु कशासाठी मोजावयाचे, हे आधी स्वतःस विचारा, आणि जे माप आले ते लिहा, मग ते कोणास आवडो वा न आवडो. पालकांसही आमची नम्र विनंती आहे. उद्या आपला पाल्य निकालाचा कागद घेऊन घरी येईल, तेव्हा त्यावरील आकडा अवश्य वाचावा, त्यास कोठे हात द्यावयाचा ते त्यावरून ठरवावे. आणि मग तो कागद बाजूस ठेवून त्या मुलाकडे पाहावे.